पडद्याबाहेर गेलेला काठ

उंदरीण घोट्यापाशी कापली, इथपर्यंत मी सोसलं असतं. कार्टून पिक्चरमधल्या उंदरिणीला पाय नसले तर जगाचं काही अडत नाही. पण पायांबरोबर तिच्या नऊवारी लुगड्याचा काठही गेला, आणि तो काठ माझ्या बापाचा होता. म्हणून एकोणऐंशी सालच्या त्या तीन रविवारांचा विषय माझ्यासमोर कुणी काढू नये. मी स्वतः काढतो ते वेगळं. तो माझा हक्क आहे.

मी ड्रॉइंग मास्तर. घर गोळीबार चौकामागे, विणकरांच्या वस्तीत. वडील धोंडबा यांनी चाळीस वर्षं मागावर आडव्या धाग्याचा धोटा फेकत, काठाला करवतीचे दात असलेली करवतकाठी लुगडी विणली. त्या रविवारांच्या चार वर्षं आधी मी समोरच्या खोलीतला त्यांचा माग सोडवला आणि तिथे सोफा ठेवला, कारण ड्रॉइंग मास्तरकडे चार लोक येतात, त्यांना बसायला जागा नको का? लोक काही आले नाहीत. बाबांनी मात्र माझ्याशी बोलणं कमी केलं. 'पानी दे', 'दार लाव' आणि 'लाइन गेली' एवढ्या तीन वाक्यांवर आमचे बापलेकाचे संबंध चालले होते.

अशात मुंबईच्या एका स्टुडिओचं पत्र आलं. माझ्याबरोबर शिकलेला एक जण तिथे कामाला होता. लहान मुलांसाठी दीड तासाचं कार्टून निघणार होतं, गोष्ट उंदराच्या लग्नाची. नवरीचं लुगडं अस्सल नागपुरी पाहिजे, म्हणून वरातीची साठ चित्रं मी काढून पाठवावीत, असं त्यात होतं. मी त्याच दिवशी होकार कळवला. काठ बाबांचाच काढायचा हे तेव्हाच ठरवलं. मागाची भरपाई कशी करतात ते मला माहीत नव्हतं, मला आपली चित्रं काढता येतात. दिवाळीची अख्खी सुट्टी मी मान मोडून बसलो. बाबांना चित्रं दाखवली नाहीत. म्हटलं, एकदम पडद्यावर दाखवू, म्हातारा चकित होईल. हा माझा पहिला गाढवपणा. पुढचे तुम्हीच मोजा, मला आता मोजवत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या भागातल्या टॉकीजमध्ये त्या कार्टूनचा ट्रेलर लागला. टॉकीजचं नाव घेत नाही, कारण मला अजून त्याच रस्त्यानं शाळेत जावं लागतं. एका मारामारीच्या हिंदी पिक्चरआधी तो दोन मिनिटं दाखवत. मी पाहिला आणि खुर्चीतून अर्धा उठलो. उंदरीण नवरी डोक्याच्या मुंडावळ्यांपासून पायाच्या नखांपर्यंत उभी, आणि पडद्याच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल काठ. मी तो ट्रेलर चार वेळा पाहिला. म्हणजे ती मारामारीही चार वेळा पाहिली.

समोरच्या घरातल्या सिंधूताईंनी तो पाहिला आणि बाबांच्या खाटेशी येऊन सांगितलं, "धोंडबाजी, तुमचा काठ आला ना पिक्चरमंदी. उंदरिनीच्या लुगड्याले. म्या माह्या डोयानं पाह्यला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा नवीन वाक्य आलं. "कोनता काठ?"

"तुमचाच, करवती," मी म्हणालो.

त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या हातानं धोतर धुतलं आणि पेटीतला लग्नकार्याचा कोट उन्हात टाकायला माझ्या बायकोला, गोपिकाला, सांगितलं. ट्रेलर पाहायला मात्र ते आले नाहीत. दोन मिनिटांच्या काठासाठी तीन तास मारामारी कोण पाहील, असं म्हणाले. अख्खा पिक्चर येईल तेव्हाच येणार होते.

पिक्चर लागला तीन रविवारांसाठी, सकाळच्या खेळाला. पहिल्या रविवारी आमच्या गल्लीतून चाळीस माणसं निघाली. पुढे कोट घातलेले बाबा, मागे मी, आणि माझ्या मागे सगळी वस्ती. चौकातला पानवाला हात जोडून म्हणाला, "धोंडबाजी, नाव काढलं." बाबा त्याला म्हणाले, "पोरानं काढलं." ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि माझी छाती फुगली. तिकीट काढायच्या रांगेतसुद्धा ती खाली बसली नाही.

दिवे गेले. पडद्याच्या दोन्ही बाजूंचं काळं कापड सरकलं आणि चित्र लांबलचक झालं. ट्रेलरच्या वेळी ते जवळपास चौकोनी होतं, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. वरात आली. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा वरून गायब. नवरी आली. घोट्यापर्यंत आली आणि संपली. सगळी वरात घोट्याएवढ्या पाण्यातून निघाल्यासारखी तरंगत चालली होती. खाली काठ नाही, काठाचा धागा नाही, काही नाही.

"काठ कुठं हाये गा?" बाबांनी विचारलं.

"येते बाबा."

नवरी मांडवात आली. "कुठं हाये?"

"येतेच आता."

उंदरांचं लग्न लागलं, जेवणं झाली, नवरी सासरी गेली, टॉकीजचे दिवे लागले. परत येताना बाबा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालले. घरी आल्यावर त्यांनी कोट काढला, घडी केली आणि म्हणाले, "आनंदा, माह्या नावानं लोकायले खोटं काहून सांगतलं?" त्यानंतर ती तीन वाक्यंही बंद झाली. पाणी ते गोपिकाला मागू लागले. मी दारात उभा असलो तरी 'दार लाव' हे ते स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगत.

मला दुःख झालं असं लोक म्हणतात. खोटं आहे. मला राग आला होता. वर्षानुवर्षं पोरांच्या चित्रांतले वाकडे माठ सरळ करणारा माणूस मी, मी काढलेली साठ चित्रं कुणी तरी खालून कातरून टाकतो आणि माझा बाप मला खोटारडा समजतो! सिंधूताईंना साक्षीला बोलावलं तर त्या म्हणाल्या, "मले दिसला होता बाप्पा. पन आता चाळीस जनायले नाही दिसला, तं मलेच भरोसा नाही वाटून राहिला." मी त्याच दिवशी स्टुडिओला पत्र लिहिलं. सोमवारी दुसरं, मंगळवारी तिसरं. तिसऱ्यात मी 'महोदय' हा शब्दही गाळला.

आमच्या शेजारी देवाजी राहतात. ते पोस्टात आहेत, पण जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत पोस्टाच्या आधी पोहोचतं. त्यांनी सोफ्यावर मांडी घातली. त्या सोफ्यावर नेमानं बसणारा हा एकच माणूस. म्हणाले, "मास्तर, तुमी बसले कुठं?"

"बाल्कनीत."

"मंग? वरून पाह्यलं तं वरचं दिसन. खालचं पाह्याचं असन तं खाली बसा लागते. एकदम पुढच्या लायनीत. आन् ऐन टायमाले थोडंसं वाका लागते."

मी आठवीच्या वर्गाला यथार्थदर्शन शिकवतो. डोळ्याची पातळी, क्षितिजरेषा, सगळं फळ्यावर काढून दाखवतो. आणि मी मान हलवली. माणूस अडला की त्याच्या विद्येचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. गोपिकानं बाबांची समजूत काढली, "मामाजी, एक डाव चाला. माह्यासाठी चाला." ते आले, पण कोट घातला नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही बावीस जण अगदी पहिल्या रांगेत. वरात आली तसा देवाजींनी हात वर केला आणि आम्ही बावीसच्या बावीस जण उजवीकडे झुकून, मान वाकडी करून पडद्याच्या खाली पाहू लागलो. पडद्याखाली लाकडी फळी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'येथे थुंकू नये' लिहिलं होतं. तेवढं आम्हाला अगदी स्पष्ट दिसलं. मागची पोरं पिक्चर सोडून आमच्याकडे पाहून हसत होती. सरळ होताना बाबांच्या मानेत उसण भरली. घरापर्यंत ते रस्ता पाहत आले. सिंधूताईंनी शेक दिला, आणि देवाजी म्हणाले की धोंडबाजी चुकीच्या बाजूनं वाकले.

मी तसाच टॉकीजच्या मॅनेजरकडे गेलो आणि तक्रारवही मागितली. वहीत रकाने छापलेले होते: पंखा, आवाज, ढेकूण, इतर. मी 'इतर'मध्ये लिहिलं, 'उंदरिणीचे पाय दिसत नाहीत. काठ त्वरित दाखवावा.' मॅनेजरनं चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "निघाली कुठे? बाल्कनीत का स्टॉलमध्ये?"

"पडद्यावर," मी म्हणालो.

"पडद्यावर चढली? मग पिंजरा कसा लावायचा?"

मी पंधरा मिनिटं समजावलं. समजल्यावर तो अधिकच थंड झाला. सेन्सॉरनं पास केलेलं चित्र आहे, त्यात पाय किती दिसावेत हे टॉकीज ठरवत नाही, म्हणाला. मी म्हणालो, मग कोण ठरवतं? त्यानं वर बोट केलं. मला वाटलं देवाकडे. पण वर मशीनची खोली होती.

तिथला ऑपरेटर बाबूलाल, साठीचा, कानात अत्तराचा बोळा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मशीनचं झाकण उघडलं आणि पत्र्याची एक लहानशी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. पट्टीला मधोमध खिडकी कापलेली होती, लांबट आणि बुटकी.

"मास्टरजी, गुस्सा नका करू. ट्रेलर आला तो चौकोनी. त्याले मी चौकोनी प्लेट लावतो. पिक्चरच्या डब्यावर लिहून आहे की चौडा दाखवा. आजकाल सगळ्यायले चौडाच पाहिजे. मंग मी ही प्लेट लावतो. चित्र तेच आहे, खिडकी लहान आहे. वरचं थोडं जाते, खालचं थोडं जाते."

"म्हणजे काठ कापलेला नाही?"

"काठ रिळात आहे. मी त्याले झाकून राहिलो." आणि त्यानं रिळाचा हातभर तुकडा उजेडात धरला. नखाएवढ्या चौकटीत माझी नवरी उभी होती, पायांसकट. तळाशी लाल रेघ.

माझा बाप गेले आठ दिवस मला खोटारडा समजत होता आणि पुरावा पत्र्याच्या एका पट्टीमागे दडलेला होता. मी बाबूलालला म्हणालो, तुमची ती चौकोनी प्लेट लावा. तो म्हणाला, मॅनेजरनं सांगितलं तर लावतो. मॅनेजर म्हणाला, वितरकानं लिहून दिलं तर सांगतो. वितरकाची कचेरी अमरावतीला.

मधल्या गुरुवारी स्टुडिओचं उत्तर आलं. उत्तर म्हणजे त्यांनीच मला पूर्वी पाठवलेल्या सूचनांची कार्बन प्रत. सूचना क्रमांक चारखाली लाल शाईनं रेघ मारली होती: 'कागदाच्या खालची तीन बोटे व वरची दोन बोटे जागा मोकळी सोडावी. तो भाग टॉकीजमध्ये दिसत नाही.' ही सूचना मी दिवाळीत वाचली होती. वाचून हसलोही होतो. मुंबईच्या माणसांना काठ म्हणजे काय ते कळत नाही, असं गोपिकाला म्हणालो होतो. अहो, विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाला कडेची तीन बोटं कोरी सोडायला सांगता? लुगड्याचा जीव जिथे असतो तीच जागा मोकळी? मी कागद हातात घेतला की आधी कडेला काठ ओढतो आणि मग आत वळतो. माझ्या आजानं, पणजानं तेच केलं. साठही चित्रांत काठ मी कागदाच्या अगदी शेवटच्या धारेवर बसवला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. सूचना मला दिलेली होती, चूक माझी होती, तरी राग मी स्टुडिओवरच काढला. स्वतःवर काढायला माणसाला निवांत वेळ लागतो.

शुक्रवारी किरकोळ रजा टाकून एसटीनं अमरावतीला गेलो. वितरकाच्या कचेरीत छतापर्यंत पत्र्याचे डबे रचलेले होते आणि त्यांच्यामध्ये एक गृहस्थ टेबलावर वर्तमानपत्र पसरून संत्रं सोलत होते. काठाची हकिगत मी पहिल्यापासून सांगितली. त्यांनी पूर्ण संत्रं खाल्लं आणि म्हणाले, "मास्तर, डब्यात काय आहे ते आम्ही पाहत नाही. डबा परत आला पाहिजे, एवढं पाहतो." मी उठलो नाही. चहाची वेळ झाली, ती टळली, तरी उठलो नाही. शेवटी त्यांनी कंटाळून लिहून दिलं: 'चौकोनी प्लेट लावण्यास आमची हरकत नाही. मात्र सदर पत्र म्हणजे परवानगी समजू नये.'

हे पत्र घेऊन मी मॅनेजरसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्यासोबत सिंधूताई आणि गल्लीतल्या अकरा बाया होत्या. मॅनेजरनं पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्या वाक्याकडे त्याची नजर वळली तशा सिंधूताई म्हणाल्या, "पुढं काहून वाचून राहिले साहेब? हरकत नाही म्हनते ना तो?" त्यानं पत्र घडी करून खिशात ठेवलं. एकच रीळ, वरातीचं, एकदाच, आणि कुणी वाकायचं नाही, एवढ्या अटींवर मान्य झालं.

तिसरा रविवार, शेवटचा. बाबांना मी हात जोडले. म्हणालो, बाबा, आज नाही दिसला तर मला घरातून काढा. ते म्हणाले, "घर तुहंच हाये." पण उठले. मान अजून किंचित डावीकडे होती. चाळीसची साठ माणसं झाली होती, कारण वस्तीत आता दोन तट पडले होते, काठ आहे म्हणणारे आणि नाही म्हणणारे.

वरातीचं रीळ आलं. बाबूलालनं मशीन क्षणभर थांबवलं, वर काहीतरी खटकलं आणि चित्र सुरू झालं. पण भिंग चौड्या चित्राचंच राहिलं होतं, ट्रेलरच्या वेळी तेही बदलत. चित्र उंच झालं आणि पडद्यात मावेना. वरचा भाग भिंतीवर चढला. तिथे आकाश संपून स्टुडिओची चिकटपट्टी दिसू लागली, पेन्सिलीनं लिहिलेले आकडे दिसले, आणि एका ढगाजवळ चहाच्या कपाचा गोल डाग. पोरांना तो चंद्र वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि खाली, पडद्याच्या बाहेर, त्या लाकडी फळीवर नवरीचे पाय चालू लागले. त्यांच्या तळाशी, 'येथे थुंकू नये' या अक्षरांवरून, लालभडक, लांबच लांब काठ निघाला.

"हाये वं," सिंधूताई म्हणाल्या, आणि सगळ्या टॉकीजमध्ये कुजबुज झाली. माझ्या डोळ्यांना धार लागली. हे मी कबूल करतो.

बाबा उठले. खुर्च्यांच्या मधून पुढे गेले, पार फळीपर्यंत. खिशातून चष्मा काढून लावला. उंदरांची अख्खी वरात त्यांच्या पाठीवरून जात होती. त्यांनी बोट टेकवून काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, बाजारात दुसऱ्याचं लुगडं पाहावं तसा, सावकाश. मग वळले. तोंडावर नवरीचे पाय पडलेले, तसेच वरच्या खिडकीकडे पाहून म्हणाले, "बंद कर गा."

बाबूलालनं मशीन बंद केलं. दिवे लागले.

"कोनं काढला हा काठ?"

मी उभा राहिलो. साठ माणसं माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता ते परत 'पोरानं काढलं' म्हणतील.

"दात खाली काहून गेले गा?"

"कोणते दात?" मी विचारलं.

"करवतीचे दात. तीन धोट्यानं विनते तवा दात आत शिरते, लुगड्याच्या अंगाकडे. तुहे जमिनीकडे चालले. हे लुगडं उलटं हाये. चाळीस वर्सं तुह्या डोयासमोर विनलं म्या."

गोपिका त्या दिवशी मुद्दाम बाबांच्या हातचं लुगडं नेसून आली होती. साठ माणसांनी एकदम वळून तिच्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. दात वर होते. साठच्या साठ चित्रांत मी ते खाली काढले होते. कुणी हसलं नाही, त्यानं मला जास्त लागलं.

घरी येताना बाबा रस्त्याच्या माझ्याच बाजूनं चालले, आणि सारखे बोलत होते. धोटा कुठून जातो, काठाचा धागा अंगाच्या धाग्यात कसा अडकवतात, दात किती धाग्यांनी वाढतो, ते सगळं. चार वर्षांचं बोलणं त्यांनी टॉकीज ते घर एवढ्या अंतरात संपवलं, आणि त्यातलं निम्मं मला शिव्या होत्या. मी हूं म्हणत चाललो होतो. मला राग येत होता आणि ते थांबू नयेत असंही वाटत होतं.

घरी पोहोचताच ते म्हणाले, "कागद घे. ज्यानं हे कापा म्हनलं, त्याले लिव." मी स्टुडिओला लिहिलेल्या सातही पत्रांची आठवण करून दिली. शेवटच्या पत्रात त्या माणसाला मी कसाई म्हटलं होतं. "मंग हे आठवं," बाबा म्हणाले.

मी लिहायला बसलो. त्यांनी सांगितलं ते असं: 'तुम्ही काठ झाकला ते फार चांगलं केलं. तो दाखवण्यासारखा नव्हता. पुढे कधी पाहिजे असल्यास आधी मला विचारावे, मी पोराजवळ बसून बरोबर काढून घेईन.' मी चित्रकलेच्या मास्तरचं वळणदार अक्षर काढून ते लिहिलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं बाबा."

"खाली माहं नाव टाक. तुहं टाकू नको."

मी त्यांचं नाव टाकलं.